सोलापुरातल्या प्रयोगशाळेसाठी अनुनादी दंडगोल: गुरुत्वीय लहरींच्या शोधकाचा आराखडा, टप्प्याटप्प्याने

ज्या उपकरणाचा आराखडा येथे मांडायचा आहे ते तत्त्वतः अगदी साधे आहे. धातूचा एक जड दंडगोल घ्यायचा, तो मधोमध टांगायचा, आजूबाजूच्या हादऱ्यांपासून आणि आवाजापासून तोडायचा आणि त्याच्या लांबीत होणारे सूक्ष्म आकुंचन-प्रसरण मोजायचे. गुरुत्वीय लहर जाताना अवकाशच ताणले आणि आवळले जाते. लहरीची वारंवारता दंडगोलाच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली, तर दंडगोल त्या ताणाने कंप पावू लागतो आणि लहर निघून गेल्यावरही काही काळ कंपत राहतो. १९६० च्या दशकात अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात जोसेफ वेबर यांनी असे पहिले उपकरण उभारले. त्यात सुमारे दीड मीटर लांबीचा, टनाहून जड असा ॲल्युमिनियमचा दंडगोल होता, त्याच्या कमरेभोवती दाबविद्युत स्फटिक (ताण पडला की विद्युत व्होल्टता देणारे) चिकटवलेले होते आणि त्याची नैसर्गिक वारंवारता १६६० हर्ट्झच्या आसपास होती.

पुढील आराखडा सोलापुरातील पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या किंवा अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेला झेपेल अशा, साडेदहा किलोच्या दंडगोलाचा आहे. हे उपकरण गुरुत्वीय लहर पकडणार नाही, आणि तसा दावा करून निधी मागणाऱ्या प्रस्तावावर कोणी विश्वास ठेवू नये. त्याचे उद्दिष्ट वेगळे आणि गाठता येण्याजोगे आहे: दंडगोलाची स्वतःची औष्णिक थरथर, म्हणजे खोलीच्या तापमानामुळे त्याच्या मूळ कंपनप्रकारात असलेली ऊर्जा, मोजमापात स्पष्ट दिसली पाहिजे. माझ्या मते अनुनादी शोधकाच्या आराखड्यातला प्रत्येक निर्णय या एका कसोटीवर घ्यावा. धातू, टांगणी, निर्वात, स्फटिक, अ‍ॅम्प्लिफायर यांपैकी जी गोष्ट ही थरथर झाकते ती आराखड्यातला दोष समजावी.

वारंवारता आधी, लांबी नंतर

दंडगोलाच्या मूळ अनुदैर्ध्य कंपनात दोन्ही टोके प्रस्पंद (सर्वाधिक हालचालीच्या जागा) असतात आणि मध्यभागी निस्पंद (हालचाल नसलेले) प्रतल असते, म्हणजे लांबी अर्ध्या तरंगलांबीइतकी असते. त्यामुळे वारंवारता म्हणजे धातूतील ध्वनीचा वेग भागिले लांबीची दुप्पट. ॲल्युमिनियमचा यंग गुणांक (ताठरपणाचे माप) ६९ गिगापास्कल आणि घनता २७०० किलोग्रॅम प्रति घनमीटर धरली, तर सळईतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५०५५ मीटर येतो.

या एका सूत्रातच या शोधकांची मर्यादा दडलेली आहे. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील लायगो या शोधकाने पकडलेली पहिली लहर ३५ हर्ट्झपासून चढत साधारण २५० हर्ट्झपर्यंत गेली. १०० हर्ट्झचा ॲल्युमिनियमचा दंडगोल हवा असेल, तर तो २५ मीटर लांब असावा लागेल. म्हणून दंडगोल हे किलोहर्ट्झच्या आसपासचे शोधक राहिले. महानवताऱ्याच्या गाभ्याचे कोसळणे किंवा न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाचा अगदी शेवटचा क्षण अशा घटनांकडे त्यांचे कान लागलेले होते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, सोलापूरपासून सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटरवर, उभारली जाणारी लायगो-इंडिया ही ४ किलोमीटर लांबीच्या भुजांची व्यतिकरणमापी (लेसर किरणांनी भुजांच्या लांबीतील फरक मोजणारे उपकरण) असल्यामुळे विस्तृत पट्ट्यात पाहू शकते. दंडगोल मात्र एका अरुंद फटीतूनच पाहतो. तरीही शिकण्यासाठी दंडगोलच बरा, कारण गोंगाटाचा सगळा हिशेब एका वहीच्या पानावर मावतो.

आपल्या दंडगोलासाठी ५ किलोहर्ट्झची जागा निवडावी. ती साउंड कार्डला सहज मोजता येते आणि त्यासाठी लागणारी अर्ध्या मीटरची लांबी कोणत्याही मध्यम लेथवर बसते. ५०० मिलिमीटर लांब आणि १०० मिलिमीटर व्यासाच्या दंडगोलाचे वस्तुमान १०.६ किलोग्रॅम येते. साध्या सूत्राने वारंवारता ५०५५ हर्ट्झ मिळते, पण दंडगोल लांबीत ताणला जाताना आडवा आकसतो, आणि त्या आडव्या हालचालीच्या जडत्वामुळे वारंवारता सुमारे ०.२७ टक्क्यांनी उतरून ५०४१ हर्ट्झवर येते.

येथेच थांबलो, तर आराखडा फसेल. भारतातील वीजपुरवठ्याची वारंवारता सामान्यतः ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात राखली जाते, म्हणजे तिचा १०१ वा स्वरक (१०१ पट वारंवारता) ५०४० ते ५०५५ हर्ट्झमध्ये हिंडत असतो आणि ५०४१ नेमके त्या कुरणात पडते. १०० वा स्वरक ४९९० ते ५००५ या पट्ट्यात फिरतो. मोकळी जागा उरते ती ५००५ ते ५०४० यांच्या दरम्यान, म्हणून लक्ष्य ५०२२ हर्ट्झ ठेवावे. त्यासाठी लांबी ५०२ मिलिमीटरच्या आसपास लागते.

तापमानाचा हिशेबही याच ठिकाणी करावा. ॲल्युमिनियमचा यंग गुणांक तापमानाबरोबर कमी होतो आणि परिणामी ५ किलोहर्ट्झचा दंडगोल दर अंश सेल्सिअसला सुमारे १.१ हर्ट्झ खाली सरकतो. सोलापुरात वातानुकूलन नसलेली खोली डिसेंबरात २० अंशांवर आणि मे महिन्यात ३८ अंशांवर सहज जाते. २८ अंशांना ५०२२ हर्ट्झ असलेला दंडगोल या दोन टोकांना सुमारे ५०३१ आणि ५०११ हर्ट्झवर असेल, म्हणजे वर्षभर त्या मोकळ्या जागेतच राहील. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित प्रयोगशाळेत हा हिशेब कोणी करणार नाही, पण येथे तो आराखड्याचा भाग आहे.

धातूची निवड आणि लेथवरचे काम

दंडगोल लहरीकडून किती ऊर्जा शोषतो हे त्याचे वस्तुमान आणि ध्वनिवेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर ठरते. वारंवारता आणि आकाराचे प्रमाण कायम ठेवले, तर हाच गुणाकार घनता गुणिले ध्वनिवेगाचा पाचवा घात असा होतो. म्हणून जड पण मंद ध्वनिवेगाचे धातू, उदाहरणार्थ पितळ किंवा शिसे, येथे कुचकामी ठरतात. दुसरी अट अंतर्गत घर्षणाची आहे. ते क्यू या गुणांकाने मोजतात. क्यू जितका मोठा तितका दंडगोल अधिक वेळ कंपत राहतो. मोठ्या शोधकांनी यासाठी ५०५६ या क्रमांकाचे ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम मिश्रधातू वापरले, कारण अतिशीत तापमानाला त्याचा क्यू कित्येक दशलक्षांपर्यंत चढतो. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील गटाने दीड टनाचा नायोबियमचा दंडगोल वापरला. खोलीच्या तापमानाच्या आपल्या कामासाठी ६०६१-टी६ हे ॲल्युमिनियमचे मिश्रधातू पुरेसे आहे. १०० मिलिमीटर व्यासाची गोल सळई बाजारात मिळते. घेताना कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र मागावे आणि शक्य असल्यास पराश्राव्य तपासणी करून घ्यावी, कारण आतली बारीक भेगसुद्धा क्यू खाऊन टाकते.

सळई आधी ५१० मिलिमीटर लांबीची कापून घ्यावी. मिश्रधातूच्या यंग गुणांकात नगागणिक एखादा टक्का फरक पडतो आणि त्याने वारंवारता पंचवीस हर्ट्झने हलू शकते, त्यामुळे कागदावरच्या लांबीवर विसंबून नेमके कापणे योग्य नाही. कापलेली सळई मध्यभागी दोन मऊ दोऱ्यांवर आडवी टांगावी, टोकावर नायलॉनच्या हातोडीने हलकेच ठोकावे आणि तो आवाज मायक्रोफोनने नोंदवून वर्णपट काढावा. मोबाइलवरील वर्णपट दाखवणारे ॲपही या टप्प्याला चालते. त्यानंतर चिंचोळी किंवा अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या चांगल्या लेथवर दोन्ही टोकांवरून सारखे फेसिंग (टोकाचा पृष्ठभाग सपाट छिलणे) करत लांबी कमी करावी. एक मिलिमीटर कमी केल्यास वारंवारता सुमारे १० हर्ट्झने वाढते. शेवटचे अर्धे मिलिमीटर दंडगोल पूर्ण थंड झाल्यावर आणि खोलीचे तापमान नोंदवूनच काढावे, कारण लेथवरून उतरलेला गरम दंडगोल खोटी वारंवारता सांगतो.

कारागिराला दोन गोष्टी आधीच बजावून सांगाव्यात. टोकांना सेंटर ड्रिल मारायचे नाही, आणि पकडण्यासाठी म्हणून कोठेही आटे पाडायचे नाहीत. दंडगोलावरचे प्रत्येक भोक आणि त्यात बसवलेला प्रत्येक स्क्रू घर्षणाची नवी जागा तयार करतो. चकमध्ये पकडताना पडणारे ओरखडे टाळण्यासाठी तांब्याच्या पातळ पट्ट्या घालाव्यात.

टांगणी

वेबर यांची पद्धत आजही सर्वांत सोपी आहे: एकाच तारेचा झोपाळा दंडगोलाच्या कमरेखालून न्यायचा आणि तारेची दोन्ही टोके वर बांधायची. निस्पंद प्रतल मध्यभागी असल्यामुळे तेथे लांबीच्या दिशेने हालचाल नसते. मात्र आडव्या आकुंचनामुळे त्रिज्येच्या दिशेने थोडी हालचाल तेथेही असते, आणि तार धातूवर घासली तर क्यू उतरतो. तार नेमकी मध्यावर असावी, यासाठी लांबी मोजून बारीक पेन्सिलीची खूण करावी, ओरखडा काढू नये.

दंडगोलाचे वजन सुमारे १०४ न्यूटन आहे, म्हणजे तारेच्या प्रत्येक बाजूवर ५२ न्यूटन. अर्ध्या मिलिमीटर व्यासाच्या पोलादी पियानो तारेत त्यामुळे सुमारे २६५ मेगापास्कल प्रतिबल येते. अशी तार दोन हजार मेगापास्कलपर्यंत टिकत असल्याने ते सुरक्षित आहे. याहून जाड तार घेण्याचा मोह टाळावा, कारण जाड तार अधिक ऊर्जा बाहेर नेते.

खरा त्रास तारेच्या स्वतःच्या सुरांचा असतो. ६० सेंटिमीटर लांबीच्या या तारेचा मूळ सूर सुमारे १५३ हर्ट्झ आहे. आदर्श तारेचे स्वरक दर १५३ हर्ट्झला येतील, पण इतक्या वरच्या स्वरकांवर तारेचा ताठरपणा जाणवतो आणि ५ किलोहर्ट्झजवळ ते सुमारे २०० हर्ट्झच्या अंतराने पसरतात. त्यांतला एखादा दंडगोलाच्या वारंवारतेवर येऊन बसला, तर दंडगोलाची ऊर्जा तारेत झिरपते आणि क्यू कोसळतो. हे गणिताने आधी नक्की सांगता येत नाही, कारण तार कोठून मोकळी कंप पावते हे बांधणीवर ठरते. म्हणून वरची पकड सरकती ठेवावी. तारेची लांबी एक सेंटिमीटरने बदलली, की जवळचा स्वरक सुमारे १०० हर्ट्झने सरकतो. तीन-चार लांब्यांवर क्यू मोजून जेथे तो सर्वाधिक येईल ती लांबी कायम करावी.

क्यू मोजण्याची कृती अशी आहे. दंडगोलाला हलका ठोका द्यावा आणि कंपनाचा आयाम मूळच्या ३७ टक्क्यांवर यायला किती सेकंद लागतात ते मोजावे. क्यू म्हणजे पाय गुणिले वारंवारता गुणिले हे सेकंद. क्यू एक लाख असेल, तर हा काळ ६.३ सेकंद येतो. तो एक सेकंदाच्या आत आला, तर टांगणी, चिकटवण किंवा हवा यांपैकी काहीतरी खात आहे असे समजावे.

निर्वात कशासाठी

बहुतेकांना वाटते की निर्वात केवळ आवाज रोखण्यासाठी असतो. तो त्यासाठी आहेच. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी ज्यांची प्रयोगशाळा असेल, त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. मागाचा धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा आपटतो, आणि त्या प्रत्येक आघातात किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज असतो. जमिनीतून येणारा ५ किलोहर्ट्झचा हादरा तुलनेने क्षीण असतो. हवेतून येणारा आवाज मात्र दंडगोलाच्या दोन्ही तोंडांवर थेट आदळतो.

पण हवेचे दुसरे काम अधिक घातक आहे. दंडगोलाची दोन्ही तोंडे कंपताना लाउडस्पीकरसारखी हवेत ध्वनी सोडतात आणि त्यातून ऊर्जा निघून जाते. आपल्या मापाच्या दंडगोलासाठी हिशेब केला, तर केवळ या कारणाने क्यू पंचवीस-तीस हजारांच्या वर जाऊ शकत नाही, टांगणी कितीही उत्तम असो. म्हणजे निर्वाताशिवाय एक लाखाचा क्यू अशक्य आहे.

समाधानाची गोष्ट अशी की फार खोल निर्वात लागत नाही. १० पास्कलला हवेचा हा परिणाम दहा हजारपट कमी होतो आणि तेवढा दाब साध्या दोन टप्प्यांच्या रोटरी पंपाने मिळतो. वातानुकूलन यंत्रे बसवणाऱ्यांकडे असतो तोच पंप चालतो. पात्रासाठी २५० ते ३०० मिलिमीटर व्यासाचा पोलादी पाइप, दोन्ही बाजूंना फ्लँज आणि रबरी ओ-रिंग पुरेशी आहे. २५० मिलिमीटर व्यासाच्या झाकणावर बाहेरच्या हवेचा सुमारे ५०० किलोग्रॅम-वजनाइतका दाब येतो, त्यामुळे झाकण १२ मिलिमीटर जाडीच्या पोलादाचे असावे. आत पाहण्यासाठी म्हणून ॲक्रिलिकची पातळ तबकडी बसवू नये. मोजमाप करताना झडप बंद करून पंप थांबवावा. पंप चालू ठेवून घेतलेल्या नोंदीत पंपाचाच अभ्यास होतो.

तारेची वरची टोके पात्राला थेट बांधू नयेत. पोलादी पट्टी आणि रबर यांचे एकावर एक तीन-चार थर रचून त्या थप्पीवर टांगणीची चौकट ठेवावी. प्रत्येक थर आपल्या अनुनादाच्या वरच्या वारंवारतांचा हादरा वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात कमी करतो. अनुनाद १५ ते २० हर्ट्झच्या आसपास ठेवला, तर ५ किलोहर्ट्झला दोन थरांतच कागदावर प्रचंड क्षीणन मिळते. प्रत्यक्षात पट्ट्यांचे स्वतःचे अनुनाद ते बिघडवतात, म्हणून तीन-चार थर. निर्वातात रबरातून वायू सुटतो, पण १० पास्कलच्या कामाला त्याने अडत नाही.

स्फटिक आणि अ‍ॅम्प्लिफायर: आराखड्याचे हृदय

आता मूळ आकडा मांडतो. ३०० केल्विनला दंडगोलाच्या मूळ कंपनप्रकारातील औष्णिक ऊर्जा बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान इतकी, म्हणजे ४.१ गुणिले १०^-२१ ज्यूल असते (येथे १०^-२१ म्हणजे १० चा उणे २१ वा घात). टोकांच्या हालचालीच्या दृष्टीने दंडगोलाचे परिणामी वस्तुमान प्रत्यक्षाच्या निम्मे, ५.३ किलोग्रॅम, धरायचे असते. त्यावरून टोकाचे वर्गमध्यमूळ विस्थापन ८.८ गुणिले १०^-१६ मीटर येते. ते जवळजवळ प्रोटॉनच्या त्रिज्येइतके आहे, आणि तेच आपल्याला मोजायचे आहे.

तुलनेसाठी पाहावे, तर १०^-२१ विकृतीची (विकृती म्हणजे लांबीतील बदल भागिले लांबी) लहर अर्ध्या मीटरच्या दंडगोलात ५ गुणिले १०^-२२ मीटर इतकाच बदल घडवते. आपल्या दंडगोलाची औष्णिक थरथर त्याच्या सतरा-अठरा लाखपट मोठी आहे. विद्यार्थ्यांनी हे गुणोत्तर स्वतः काढावे. त्यानंतर या क्षेत्रात कोणी काय कमावले आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

विकृती मध्यभागी सर्वाधिक असते. टोकाचे विस्थापन आणि लांबी यांच्या गुणोत्तराला पायने गुणले, की मध्यभागची विकृती मिळते, आणि आपल्या बाबतीत ती ५.५ गुणिले १०^-१५ आहे. पीझेडटी-५ए या दाबविद्युत सिरॅमिकचा २० गुणिले १० मिलिमीटरचा, १ मिलिमीटर जाडीचा स्फटिक तेथे लांबीच्या दिशेने चिकटवला, तर त्यावर सुमारे ३.८ नॅनोव्होल्ट मिळतात. चिकटवणाच्या थरात थोडी विकृती हरवते, म्हणून ३ नॅनोव्होल्ट धरून चालावे. मोठा स्फटिक लावल्याने अधिक संकेत मिळेल असे वाटते, पण पीझेडटीचे अंतर्गत घर्षण ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि मध्यभागी, जेथे विकृती सर्वाधिक असते, तेथेच ते बसते. त्यामुळे स्फटिक लहानच ठेवावा. एपॉक्सीचा थर जितका पातळ करता येईल तितका करावा आणि चोवीस तास दाबाखाली वाळू द्यावा. चिकटवण्यापूर्वीचा आणि नंतरचा क्यू नोंदवून ठेवावा. दोन्हींतील घसरण ही स्फटिकाची खरी किंमत आहे.

या स्फटिकाची धारिता सुमारे ३.२ नॅनोफॅरड आणि ५ किलोहर्ट्झला प्रतिबाधा सुमारे १० किलोओहम येते. स्फटिकाच्या स्वतःच्या विद्युत क्षयामुळे दर वर्गमूळ हर्ट्झला सुमारे १.८ नॅनोव्होल्ट गोंगाट येतो. तो टाळता येत नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या प्रवेशद्वारी जेएफईटी (एका प्रकारचा ट्रान्झिस्टर) असावा. चांगल्या जेएफईटी ऑप-अँपचा गोंगाट दर वर्गमूळ हर्ट्झला ५ नॅनोव्होल्टच्या आसपास असतो, आणि सुट्या कमी-गोंगाटी जेएफईटीने तो १ ते २ नॅनोव्होल्टपर्यंत उतरवता येतो. प्रवेशद्वारावरील बायस रोधक सवयीने १ मेगाओहमचा लावला जातो, पण तेवढा रोधक एकटाच १.३ नॅनोव्होल्टची भर घालतो. तेथे १०० मेगाओहम लावावा, म्हणजे त्याचा वाटा दहापट घटतो. पहिला टप्पा पात्राच्या आत किंवा अगदी भिंतीला लागून ठेवावा. स्फटिकापासूनची तार ०.१ मिलिमीटरची लाखेरी तांब्याची आणि सैल असावी, कारण ताठ तार हीसुद्धा एक टांगणीच असते.

आता ३ ते ४ नॅनोव्होल्टचा संकेत ५ नॅनोव्होल्टच्या गोंगाटातून कसा दिसणार? येथे क्यू कामाला येतो. क्यू एक लाख असताना दंडगोलाची सगळी औष्णिक ऊर्जा ०.०५ हर्ट्झ रुंदीच्या शिखरात गोळा होते. त्या शिखराची उंची दर वर्गमूळ हर्ट्झला १३ नॅनोव्होल्टच्या आसपास जाते आणि ५ नॅनोव्होल्टच्या पठारावर ते स्पष्ट उठून दिसते. क्यू दहा हजारांवर आला, तर तीच ऊर्जा दहापट रुंद पसरते, उंची सुमारे ४ नॅनोव्होल्टवर येते आणि शिखर पठारात विरघळते. टांगणीवर आणि निर्वातावर इतका वेळ का घालवायचा याचे उत्तर एवढेच आहे.

पहिल्या स्फटिकासमोर, दंडगोलाच्या विरुद्ध बाजूला, दुसरा अगदी लहान स्फटिक लावावा. त्यावर ज्ञात व्होल्टता देऊन दंडगोल हलवता येतो आणि संपूर्ण साखळीचे प्रमाणीकरण करता येते. प्रमाणीकरण नसलेला आलेख कितीही सुंदर असला, तरी त्यावरून तापमान काढता येत नाही.

नोंद आणि तिची परीक्षा

अ‍ॅम्प्लिफायरचा निर्गम दहा हजारपट वाढवून २४ बिटांच्या साउंड कार्डला ४८ किलोहर्ट्झ दराने द्यावा. संगणकात तो दंडगोलाच्या वारंवारतेच्या साइन आणि कोसाइनने गुणावा, गाळावा आणि दर ०.१ सेकंदाला दोन घटक साठवावेत. तापमान सरकत असल्यामुळे संदर्भ वारंवारता दर काही मिनिटांनी शिखरावरून पुन्हा ठरवावी. एका अंशाच्या बदलाने शिखर आपल्या रुंदीच्या वीसपट सरकते.

मिळालेली थरथर औष्णिकच आहे हे कसे ठरवायचे? यासाठी तीन परीक्षा आहेत आणि तिन्ही उत्तीर्ण व्हाव्या लागतात. आयामाच्या वर्गाचे वितरण घातांकी यावे, कारण ऊर्जेचे बोल्ट्झमन वितरण तसेच असते. शेपटीला जास्तीचे ठिपके आले, तर बाहेरून काहीतरी आपटत आहे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत शोभेचे दारूकाम होते, त्या रात्रीची नोंद अशी शेपटी पाहण्यासाठी मुद्दाम घ्यावी. दुसरी परीक्षा म्हणजे दोन घटकांचा स्वसहसंबंध (स्वतःच्याच आधीच्या मूल्यांशी असलेले साम्य) ज्या काळात ओसरतो, तो काळ ठोका देऊन मोजलेल्या ६.३ सेकंदांशी जुळावा. तिसरी, प्रमाणीकरणावरून काढलेले तापमान खोलीच्या तापमानाच्या जवळपास यावे. ते दुप्पट आले, तर त्यातला अर्धा भाग दंडगोलाचा नाही.

दंडगोल लख्ख चालू झाल्यावरही क्षणिक घटना ओळखण्याची त्याची ताकद १०^-१५ च्या घरातल्या विकृतीपर्यंतच असते. थोड्या काळात औष्णिक आयाम फारसा बदलत नाही, हा क्यूचा दुसरा फायदा आहे. पण जितका काळ आखूड घ्यावा तितका अ‍ॅम्प्लिफायरचा गोंगाट वाढतो, आणि आपल्या साखळीत शेवटी तोच अडवतो.

येथून मोठ्या शोधकांकडे

आराखडा पुढे न्यायचा, तर क्यू आणि तापमान यांचे गुणोत्तर वाढवणे आणि अ‍ॅम्प्लिफायर शांत करणे हे दोनच मार्ग आहेत. अमेरिकेतील लुइझियानाचा ॲलेग्रो, सर्नमधील एक्सप्लोरर, इटलीतील फ्रास्काटीचा नॉटिलस आणि लेन्यारोचा ऑरिगा हे सव्वादोन-अडीच टनांचे, तीन मीटर लांब, ९०० हर्ट्झच्या आसपासचे दंडगोल द्रव हीलियमने थंड केलेले होते. त्यांतील नॉटिलस तर ०.१ केल्विनपर्यंत उतरवला गेला. नॉटिलसने वैश्विक किरणांच्या वर्षावांनी दंडगोलाला बसणारे ठोकेही नोंदवले, ही त्याच्या संवेदनशीलतेची चांगली साक्ष आहे. पुढे नेदरलँड्समधील लायडनचा मिनिग्रेल आणि ब्राझीलचा मारिओ शेनबर्ग हे तांबे-ॲल्युमिनियम मिश्रधातूचे गोल उभे राहिले. गोलाचे पाच चतुर्ध्रुवी कंपनप्रकार मिळून लहरीची दिशाही सांगू शकतात, तर दंडगोलाला त्याच्या अक्षाच्या दिशेने येणारी लहर दिसतच नाही.

अतिशीत तंत्र आपल्या आवाक्यात नाही, पण या शोधकांची एक युक्ती आहे. दंडगोलाच्या टोकावर त्याच वारंवारतेचा एक हलका दुय्यम कंपक बसवला, तर ऊर्जा लहान वस्तुमानात येते आणि हालचाल दोन वस्तुमानांच्या गुणोत्तराच्या वर्गमूळाने वाढते. हो जंग पाइक यांनी १९७० च्या दशकात मांडलेला हा अनुनादी परिवर्तक नंतरच्या जवळपास सर्व दंडगोलांनी स्वीकारला. त्यामुळे एका शिखराची दोन होतात आणि त्यांच्यातील अंतर वारंवारता गुणिले त्या गुणोत्तराचे वर्गमूळ इतके असते. आपल्या दंडगोलावर ५ ग्रॅम परिणामी वस्तुमानाचा कंपक लावला, तर शिखरे ४९४५ आणि ५०९९ हर्ट्झजवळ येतील, म्हणजे दोन्ही पुन्हा विजेच्या स्वरकांवर. २.१ ग्रॅमचा घेतल्यास ती ४९७२ आणि ५०७२ वर, म्हणजे दोन मोकळ्या फटींत, पडतात आणि हालचाल सुमारे पन्नासपट वाढते. भोके न पाडण्याचा नियम या एकाच कामासाठी मोडावा लागतो, आणि तोही टोकाच्या मध्यावर, जेथे विकृती जवळजवळ शून्य असते.

दुसरे महाविद्यालय सोबतीला मिळाले, तर दोन दंडगोल वेगवेगळ्या गावांत ठेवून एकाच वेळी उठणारे ठोके शोधण्याचा प्रयोग करावा. एकटा दंडगोल मालट्रक आणि तारा यांत भेद करू शकत नाही. पण योगायोगाने जुळणारे ठोके किती, हे आधी माहीत हवे. त्यासाठी एका ठिकाणची नोंद मुद्दाम काही सेकंद, मग काही मिनिटे पुढे-मागे सरकवून जुळणी पुन्हा मोजावी. सरकवलेल्या नोंदींत जितके ठोके जुळतात तितके न सरकवलेल्यांतही केवळ योगायोगाने जुळणारच. १९६९ मध्ये वेबर यांनी मेरिलँड आणि सुमारे हजार किलोमीटरवरील अरगॉन येथील दंडगोलांत एकाच वेळी ठोके सापडल्याचे जाहीर केले, पण नंतर उभारलेल्या कोणत्याही उपकरणाला ते दिसले नाहीत. पुढे दुसऱ्या गटाच्या नोंदींशी जुळणी सापडल्याचेही त्यांनी सांगितले, आणि त्या नोंदींची घड्याळे वेगवेगळ्या प्रमाणवेळांवर असल्यामुळे त्यांत चार तासांचा फरक होता हे मागाहून उघड झाले. म्हणून दोन्ही ठिकाणच्या संगणकांवर पहिल्या दिवसापासून जीपीएसवरून मिळणारी जागतिक समन्वित वेळच नोंदवावी. भारतीय प्रमाणवेळेशी असलेला साडेपाच तासांचा फरक फक्त आलेख छापताना मिळवावा.